भामाची बुळबुळ

आमच्या केंद्रात पाण्याचा खारटपणा मोजायचं एक यंत्र आहे. ते परदेशातून आलंय, त्याला मखमलीची पेटी आहे, पेटीला कुलूप आहे आणि कुलपाची किल्ली माझ्या खणात आहे. ती किल्ली मागायला कोणी येत नाही. समुद्राच्या पाण्याचा टँकर दारात लागला की मैनामावशी पाइपाखाली तळहात धरते, पाणी जिभेला लावते, बाजूला थुंकते आणि निकाल देते. "चालंल." किंवा, "खारीचं भरलाय यानं, दर्याचं नाय. परत पाठवा." खारी म्हणजे खाडी. सुरुवातीला आमच्या शास्त्रज्ञ डॉक्टर विनिता तिच्या मागोमाग यंत्रानेही मोजायच्या. वीसेक वेळा दोघांचं उत्तर जुळलं, तेव्हा यंत्र पेटीत गेलं ते गेलंच. टँकरवालाही यंत्रापेक्षा मावशीला जास्त घाबरतो, कारण यंत्र त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करत नाही.

समुद्राच्या पाण्याचा टँकर पनवेलमध्ये कशाला, असं तुम्ही विचाराल. सुकापूरच्या लोकांनीही विचारलं होतं. आमचं केंद्र सुकापूरच्या वाटेवर एका बेकरीच्या मागे आहे. पाटीवर 'सागरी जीव संशोधन केंद्र' असं लिहिलंय आणि समुद्र तिथून इतका लांब की भरती-ओहोटी आम्हाला फोनवर कळते. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या सोसायटीचं पाणी दोन दिवस बंद होतं. आमचा टँकर वळणावर दिसला मात्र, माणसं हंडे-बादल्या घेऊन धावली. ड्रायव्हर बिचारा सांगत होता, पण पाणी द्यायला नाही म्हणणाऱ्या टँकरवाल्याचं उन्हाळ्यात कोण ऐकतो? अर्ध्या तासाने एक गृहस्थ चहाचा कप हातात घेऊनच आमच्या ऑफिसात आले. मावशीने कपात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "आता टाकू नका. दोन बोंबील सोरा यान."

मी या केंद्रातला कारकून. डॉक्टर विनिता इंग्रजीत लिहितात ते मी वनखात्यासाठी मराठीत टाइप करतो, आणि टाइप करताना मला त्यातलं जेवढं कळतं तेवढंच माझं शास्त्र. स्वभावाने मी तापट आहे असं घरचे म्हणतात. मंगळ कडक आहे म्हणून उजव्या हाताच्या अनामिकेत पोवळं घातलंय. आठ वर्षं झाली, पोवळं आहे तसं आहे आणि मीही आहे तसाच आहे. हे सगळं सांगायचं कारण, पुढे जे घडलं त्यात माझाही हात होता. म्हणजे हात नव्हता, तोंड होतं.

मैनामावशी उरणकडच्या एका कोळीवाड्यातली. लग्न होऊन तिथेच राहिली, नवरा काशीराम होडीवर, आणि ती स्वतः पंचवीस वर्षं रोज पहाटे टोपली घेऊन पनवेलच्या मच्छी बाजारात. मग गुडघे गेले. बाजारात दिवसभर पाटावर बसून उठणं जमेना, तेव्हा ती आमच्याकडे टाक्यांची काच पुसायला आली. तिला पांढरा कोट दिला तर तो तिने साडीवर कमरेला पदर खोचावा तसा खोचून घातला. केसात अबोलीचा गजरा रोज. आणि आवाज? बाजारातल्या बाईचा आवाज हा काही पगाराबरोबर बदलत नाही. ती हळू बोलते तेव्हा बेकरीतली माणसं मान वर करून बघतात.

खरं तर ती आमच्याकडे आली त्याआधी तिचे दगड आले. तिच्या गावाजवळच्या खडकावर धक्का बांधायचं ठरलं होतं. त्या खडकाला प्रवाळ चिकटलेले आहेत असं कोणीतरी वनखात्याला कळवलं आणि ते जिवंत उचलून सांभाळायचं काम डॉक्टर विनितांकडे आलं. मॅडम गावात गेल्या, मोबाइलवरचे फोटो दाखवत फिरल्या. मैनामावशीने फोटो पाहिला आणि म्हणाली, "अगं बाय, यो तर टाचा घासायचा दगड."

तिच्या गावच्या बायका वाळूत सापडलेला असला खरबरीत तुकडा न्हाणीत ठेवतात आणि टाचा घासतात. विनिता मॅडमना क्षणभर बसावंसं वाटलं. मग त्यांनी तिला समजावलं, की हा दगड नव्हे. हजारो बारीक प्राण्यांची ती चाळ आहे. प्रत्येकाला मोहरीएवढं तोंड. वरच्या मजल्यावर जिवंत बिऱ्हाडं, खाली सगळ्या मेलेल्या पूर्वजांची हाडं. मावशीने फोटोतल्या दगडावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "मंग मी इतकी वरसं कुनाच्या हाडांवर टाचा घासल्या?"

त्या दिवसापासून माझ्या अंगठीकडे ती वाईट नजरेने बघते. "भाऊ, तुमी कुनाला बोटान घालून फिरता, जरा इचार करा."

दगड उचलायला गावच्या बायकांनी मात्र सहजासहजी होकार दिला नाही. त्या खडकावर त्या पिढ्यान् पिढ्या कालवं काढतात. त्यांची एक रीत आहे: खडकावरून कालव घ्यायचं, खडक घ्यायचा नाही. दगड नेला तर तो परत आणायचा, नाहीतर नेणारीला पुन्हा त्या खडकावर कोयता लावता येत नाही. सरकारी पत्र दाखवून झालं, साहेबांचं भाषण झालं, बायका हलल्या नाहीत. शेवटी मैनामावशी पुढे झाली. "पावसाली सरल्यावर मी सोता घेऊन येन. धक्क्याच्या पलीकडच्या खडकावर बशीवन. माजा शबूद." मग त्यांनी वाट दिली. असे अकरा प्रवाळ पनवेलला आले, आणि त्यांच्या मागे महिन्याभरात मावशी आली. गुडघे हे कारण खरंच होतं, पण ते एकटंच नव्हतं.

प्रवाळांना नंबर होते, एक ते अकरा. मावशीला नंबर आवडले नाहीत. तिने नावं ठेवली. त्यातल्या चार नंबरचं नाव भामा. भामा सगळ्यात मोठी, जेवणाच्या ताटाएवढी, तपकिरी रंगाची, आणि भारी भांडकुदळ. प्रवाळांमध्येही जागेवरून भांडणं होतात, हे मला चार नंबरचा अहवाल टाइप करताना कळलं. शेजारी फार जवळ आला की बारीक शुंडा लांबवून त्याला डसतात. भामाने पहिल्या पंधरवड्यातच पाच नंबरला डसून त्याची कड काळी केली. "आमची भामा बाजारान माज्या बाजूला बसायची," मावशी म्हणाली, "तीपन अशीच. दोन पाटांची जागा दिली तर तिसरा ढकलायची." खरी भामा आता कामोठ्यात मुलाकडे असते. आपल्या नावाचा प्राणी सरकारी संरक्षणात आहे हे ऐकून तिने फोनवर विचारलं म्हणे, "आन मना कोन देनार संरक्षन?"

तर मे महिना आला. वनखात्याची समिती गुरुवारी तपासणीला येणार असं पत्र मीच आवक रजिस्टरात चढवलं. पत्रात साधी भाषा होती: प्रवाळ निरोगी असतील तर पावसाळ्यानंतर मूळ जागेजवळ सोडावेत. नसतील तर परराज्यातल्या मोठ्या संस्थेकडे पाठवावेत. मावशीने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. 'परराज्य' या शब्दाला तिने डोळे मिटले. तिथे पाठवले की ते खडकावर परत येणार नव्हते, आणि शब्द तर ती गावाला देऊन बसली होती.

नेमकं त्याच आठवड्यात विनिता मॅडमना चुलतबहिणीच्या साखरपुड्याला चिपळूणला जावं लागलं. शनिवारी जाऊन मंगळवारी परत. जाताना त्यांनी नऊ कलमी सूचनापत्र करून दिलं, मी टाइप केलं, मावशीने बोट फिरवत वाचलं. कलम पहिलं: प्रवाळांना हात लावू नये. बाकीची आठ कलमं तिने तंतोतंत पाळली. त्याबद्दल तिच्यावर आळ घेता येणार नाही.

सोमवारी सकाळी भामाच्या अंगावर दुधावर साय यावी तसा बुळबुळीत पडदा आला होता. पाणी उन्हाने जरा तापलेलं होतं, आणि असं झालं की प्रवाळ जास्त बुळबुळ सोडतो, हे मला आता माहीत आहे. तेव्हा मला माहीत नव्हतं आणि मावशीला जे माहीत होतं ते वेगळंच होतं. कोळणीला लहानपणापासून एक गोष्ट शिकवतात: शिंगाळा असो, वाम असो, बुळबुळ काढल्याशिवाय मासळी पुढे करायची नाही. जाडं मीठ घ्यायचं, चोळायचं, धुवायचं. घरात पाव्हणा येणार असेल तर नक्कीच.

"पावनं येनार," मावशी टाकीपुढे उभी राहून म्हणाली, "आन ही शेंबरी बसनार त्यांच्यापुरं."

तिने स्वयंपाकघराच्या फळीवरून जाड्या मिठाची बरणी आणली. बाह्या वर केल्या. बाळाला न्हाऊ घालावं तशा हलक्या अंगठ्याने तिने भामाला मीठ चोळलं आणि टाकीतल्याच पाण्याने धुतलं. मी दारात उभा होतो. कलम पहिलं माझ्याच बोटांनी टाइप झालं होतं. पण बुळबुळ निघाल्यावर भामाची तपकिरी अशी काही उजळली, की माझ्या तोंडून निघून गेलं, "वा मावशी. आता कशी नवरीसारखी दिसते."

मंगळवारी दुपारी विनिता मॅडम आल्या, बॅग न ठेवताच टाक्यांकडे गेल्या, आणि भामापुढे थांबल्या. तिच्या पुढच्या कडेला नखाएवढी पांढरी रेघ होती. पांढरी म्हणजे तिथे बिऱ्हाडं गेलेली, नुसती हाडं उरलेली. मॅडमनी पंप तपासला, पाण्याचं तापमान बघितलं, औषधांच्या बाटल्यांवरच्या तारखा बघितल्या. माझ्याकडून खणातली किल्लीसुद्धा मागून घेतली आणि ते यंत्र बाहेर काढलं. मावशीला ते फार लागलं. पण ती गप्प होती, आणि मैनामावशी गप्प आहे हे सगळ्या इमारतीच्या लक्षात आलं. बेकरीवाला विचारायला आला, बाईंची तब्येत बरी आहे ना.

मॅडमनी कापसाच्या काडीने भामाच्या कडेवरून नमुना घेतला आणि काचेच्या बशीतल्या हिरव्या जेलीवर फिरवून ऊबदार पेटीत ठेवला. बुधवारी सकाळी ती बशी उघडली तर हिरव्या जेलीवर पिवळे ठिपके उगवलेले. दिसायला छान, बुंदी पडावी तसे गोल गोल. पण ते जंतू होते, पटकीच्या जंतूंच्या भावकीतले. आणि भामाची पांढरी रेघ रात्रीत दोन बोटं झाली होती.

"हे जंतू समुद्रात असतातच," मॅडम सांगू लागल्या. आम्ही दोघं समोर उभे होतो, शाळेत वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे. "उन्हाळ्यात पाणी तापलं की त्यांचा जोर वाढतो. पण प्रवाळाच्या अंगावर ती बुळबुळ असते ना, त्यात त्याचे स्वतःचे चांगले जंतू राहतात. ते या पिवळ्यांना बसायला जागाच देत नाहीत. मला कळत नाहीये की हिची बुळबुळ गेली कुठे."

मावशीला शास्त्र समजावून सांगावं लागलं नाही. पंचवीस वर्षं बाजारात काढलेली बाई ती. एक दिवस पाट मांडला नाही की तुमच्या जागेवर दुसरी बसते, आणि बसली की उठत नाही. तिने मॅडमचं वाक्य संपू दिलं. मग आत गेली, फळीवरून मिठाची बरणी आणली आणि टेबलावर मॅडमच्या पुढ्यात ठेवली.

"मी काढली बुळबुळ," ती म्हणाली. "सोमवारी. मीठ लावून."

"मावशी, मी लिहून ठेवलं होतं."

"लिवलं व्हतं. मी वाचलं व्हतं. तरीपन लावलं."

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या बरणीकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता आपण खोकून बाहेर जावं, अहवाल टाइप करायचाय म्हणावं. मंगळ कडक असलेल्या माणसाने खरं म्हणजे धीट असायला हवं. पण मावशीने माझं नावही घेतलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. मी म्हणालो, "मी तिथेच उभा होतो. थांबवायचं सोडून मी तिला वा म्हटलं." मॅडमनी माझ्याकडेही बघितलं. बरणीकडे बघितलं तसंच.

मग त्यांनी विचारलं, "किती जोरात चोळलं?"

"अंगठ्यानं. हलक्या हातानं."

"सगळीकडे?"

"सगलीकरं कशाला?" मावशी म्हणाली. "फकस्त म्होरच्या अंगाला. मागचं कोन बघतो? मासली मांडताना जी बाजू गिऱ्हाइकाला दिसते तीच धुतो आमी."

मॅडम उठल्या. टाकीच्या मागे गेल्या, भिंत आणि काच यांच्या फटीत बॅटरी धरून वाकल्या, आणि तशाच वाकलेल्या राहिल्या. भामाच्या मागच्या अंगावर बुळबुळ जशीच्या तशी होती आणि तिथे पांढरी रेघ नव्हती. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या केसांना जाळं लागलं होतं आणि चेहरा साखरपुड्याहून आल्यासारखा झाला होता. "एकच प्रवाळ," त्या म्हणाल्या, "अर्धा चोळलेला, अर्धा न चोळलेला. मावशी, असा प्रयोग करायला मी परवानगी मागितली असती तर दहा वर्षं मिळाली नसती."

मावशीला प्रयोगाचं काही पडलं नव्हतं. तिला भामाचं पडलं होतं. ती म्हणाली, "मंग मागची बुळबुळ घेऊन म्होरं लावा. ईरजन लावतो तशी. घरातलं दही संपलं तर शेजारनीकरून आनतो का नाय चमचाभर? ही तर तिच्याच घरातली हाय."

मला हसू आलं. मॅडम हसल्या नाहीत. असं काही ठिकाणी करून बघतायत, त्या म्हणाल्या, पण ते चांगले जंतू आधी वेगळे करून वाढवतात, त्याला दिवस लागतात. आपल्याकडे दिवस नाहीत. मग थोडा वेळ स्वतःशीच पुटपुटल्या आणि म्हणाल्या, "दोन्ही करू. आज नुसतं विरजण, आणि वाढवायलाही टाकू."

पण आधी सडका भाग कापून काढणं भाग होतं, आणि त्याच्या पुढचा अर्ध्या बोटाएवढा चांगला भागसुद्धा, कारण रोग दिसतो त्याच्या थोडा पुढे पोचलेला असतो. छोटी करवत होती. मॅडम कापणार होत्या आणि कोणीतरी भामाला पाण्यात घट्ट धरायला हवं होतं. मावशीने हात पुढे केले. त्या हातांनी पंचवीस वर्षं रोज टोपलीभर मासळी कापली होती, पण करवतीकडे तिने बघितलंही नाही. "तू काप, बाय," ती मॅडमना म्हणाली, "मी धरते. फकस्त माज्याशी बोलत रव." मॅडम साखरपुड्याच्या जेवणाबद्दल बोलत राहिल्या, कोणाचं काय चुकलं, कोण रुसलं. मी पंप बंद करून त्याच्यापाशी उभा राहिलो. हे काम मला झेपण्यासारखं होतं.

मग बिनसुईच्या सिरिंजने मॅडमनी भामाच्या मागची बुळबुळ थोडी थोडी ओढून घेतली आणि पुढच्या उघड्या अंगावर सोडली. अर्धा तास पाणी स्थिर ठेवलं. मावशी टाकीपुढे स्टूल टाकून बसली आणि भामाला हळूहळू शिव्या देत राहिली. त्या शिव्या प्रेमाच्या होत्या, पण इथे लिहिता येणार नाहीत.

गुरुवारी समिती आली. दोन साहेब, एक बाई, हातात फायली. दहा प्रवाळ बघून झाल्यावर ते भामापुढे आले. एका बाजूने करवतलेली, केस अर्धे भादरून सोडल्यासारखी. मोठ्या साहेबांनी विचारलं, हे काय झालं. विनिता मॅडम म्हणाल्या, "हाताळणीत एक त्रुटी राहिली," आणि पुढचं वाक्य त्यांनी तयार ठेवलं होतं. इतक्यात मावशी पुढे आली.

"तुर्टी नाय, सायेब. मीठ. मी चोललं. मासलीला लावतो तसं, तुमी येनार म्हनून." आणि एवढं सांगून ती थांबली नाही. बुळबुळ कशाला असते, पिवळे ठिपके कुठून येतात, रिकाम्या पाटावर कोण येऊन बसतं, विरजण कसं लावलं, सगळं तिने बाजाराच्या आवाजात सांगितलं. साहेब लिहून घेत होते. मी त्यांच्या वहीत डोकावलो तर त्यांनी 'पाट' हा शब्द अधोरेखित केला होता. शेवटी ती म्हणाली, "मना कामावरून काढा. पन हिला परराज्यान पाठवू नका. मी गावाला शबूद देऊन आनलीय."

निर्णय आठवड्याने पत्राने आला. सहा आठवडे निरीक्षण करावं. रोग पुन्हा न दिसल्यास अकराही प्रवाळ मूळ जागेजवळ सोडण्यास हरकत नाही. त्याखाली अटी होत्या, सातवी अशी: 'प्रवाळांस कोणत्याही परिस्थितीत मीठ चोळण्यात येऊ नये.' सरकारी कागदावर मी बरंच काही वाचलंय, पण हे वाक्य मी फ्रेम करून माझ्या टेबलामागे लावलं आहे. मावशीला त्यावरून चिडवलं तर ती माझ्या बोटातल्या पोवळ्याकडे बोट दाखवते, आणि मी हात टेबलाखाली घेतो.

ते सहा आठवडे मावशी आमच्याकडे राहायलाच आली असती, काशीरामने जेवणाचं काय असं विचारलं नसतं तर. रोज सकाळी पहिल्यांदा ती भामाची कापलेली कड बघायची, मग गजरा नीट करायची, मग आम्हाला "बरी हाय" असं सांगायची. मॅडमनी वाढवलेले चांगले जंतूही दर दोन दिवसांनी सोडले जात होते. कशाने गुण आला, विरजणाने का कापण्याने, ते नक्की सांगता येणार नाही असं मॅडमनी अहवालात लिहिलं. मी टाइप केलं. मावशीला सांगितलं नाही. पाचव्या आठवड्यात उघड्या पांढऱ्या हाडावर काठाने तपकिरी सरकताना दिसली, तांदळाच्या दाण्याएवढी. मावशीने मला हाताला धरून टाकीपर्यंत नेलं. "ढकलतेय बघा," ती म्हणाली, "तिसरा पाट ढकलतेय." तिचे डोळे भरले होते. माझेही भरले, हे कबूल करायला मला आता काही वाटत नाही.

नारळी पौर्णिमा होऊन गेली, पाऊस ओसरला, आणि भाद्रपदातल्या अमावस्येची मोठी ओहोटी धरून आम्ही निघालो. अकरा प्रवाळ मासळीच्या शीतपेट्यांत पाण्यात ठेवलेले. मावशी टेम्पोत मागे पेट्यांबरोबर बसली, पुढे बसायला तयार झाली नाही. गावात पोचलो तेव्हा एका बाईने सवयीने पेटीत डोकावून विचारलं, "कशी दिली?" मावशी म्हणाली, "इकायची नाय ती. आपली हाय." बातमी पसरली तशा बायका किनाऱ्यावर जमल्या. त्या फक्त पेट्या मोजत होत्या. मोजून अकरा भरल्या, तेव्हा त्यातली सगळ्यात म्हातारी बाई बाजूला सरकली आणि बाकीच्याही सरकल्या.

काशीरामने होडीतून आम्हाला पलीकडच्या खडकाशी नेलं. पाणी गुडघ्याएवढं होतं. मॅडमनी खडक घासून चिकटवायचं लुकण लावलं, आणि एकेक प्रवाळ मावशीने बसवला. भामा शेवटी. पुढची बाजू कोणती ठेवायची, मॅडमनी विचारलं. गावाकडे की दर्याकडे? कापलेल्या बाजूला आता बोटभर नवा तपकिरी भाग आला होता, पण व्रण दिसत होता. मी मनात म्हटलं, मावशी चांगली बाजू गावाकडे ठेवणार. गिऱ्हाइकाला दिसते तीच बाजू.

तिने व्रणाची बाजू गावाकडे केली. "बघूंदे," ती म्हणाली. "माजी चूक हाय ती. लपवून कशाला?"

लुकण घट्ट होईपर्यंत ती दोन्ही हातांनी भामाला धरून पाण्यात वाकून उभी राहिली. गुडघे दुखत असणार, पण त्यांचं नाव तिने काढलं नाही. भरती चढायला लागली, तेव्हा काशीरामने हाक मारली आणि तिने हात सोडले. भामा जागेवर बसली होती. मावशी होडीत आली तर तिच्या दोन्ही तळव्यांना चकचकीत बुळबुळ लागलेली, ताजी. मी खिशातून रुमाल काढून पुढे केला.

"नको," ती म्हणाली. "असूंदे."

आणि जन्मभर बुळबुळ धुवत आलेली ती बाई गाव येईपर्यंत दोन्ही तळवे मांडीवर उघडे ठेवून बसून राहिली.